वारा, काड आणि ऊब : डेन्मार्कमधील गावांच्या ऊर्जेची कथा

(इयत्ता सहावी व सातवीच्या सामान्य विज्ञान आणि भूगोल या विषयांच्या पाठांसाठी पूरक वाचन)

ग्रीनलंड वगळले तर डेन्मार्क हा देश महाराष्ट्राच्या सुमारे सातव्या हिश्श्याएवढा आहे. त्यात डोंगर नाहीत. तेथील सर्वांत उंच टेकाडही समुद्रसपाटीपासून १७१ मीटरांच्या वर जात नाही. डोंगर नाहीत म्हणून धबधबे नाहीत, आणि धबधबे नाहीत म्हणून कोयनेसारखे जलविद्युत्केंद्र तेथे उभे राहू शकत नाही. चांगल्या दगडी कोळशाच्या खाणीही त्या भूमीत नाहीत. आहे तो वारा. पश्चिमेच्या उत्तर समुद्रावरून येणारा हा वारा त्या सपाट मुलुखावरून बारा महिने वाहत असतो, आणि हिवाळ्यात तर त्याला विशेष जोर येतो.

हा पाठ शिकविताना आरंभीच एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावी लागते. महाराष्ट्रातील मुलाला ‘ऊर्जा’ म्हटले म्हणजे दिवा, पंखा किंवा विहिरीवरील पंप आठवतो. डॅनिश मुलाला प्रथम आठवते ती घरातील ऊब. तेथे वर्षातील निम्म्याहून अधिक काळ घर तापवावे लागते. दिवा गेला तर मेणबत्ती लावता येते. परंतु जानेवारीच्या रात्री घरातील उष्णता गेली तर लहान मूल आणि म्हातारे माणूस यांच्या जिवाशीच गाठ पडते. त्या देशातील गावांनी वारा आणि शेतातील काड यांचा उपयोग कसा करून घेतला, हे समजण्यास ही पार्श्वभूमी आवश्यक आहे.

आस्कोव्हचे शिक्षक

ह्या कथेचा आरंभ एका शाळेत होतो. इ. स. १८६४ साली डेन्मार्कचा प्रशियाशी व ऑस्ट्रियाशी झालेल्या युद्धात पराभव झाला आणि दक्षिणेकडील मोठा प्रदेश त्याला गमवावा लागला. पुढच्याच वर्षी, १८६५ साली, नव्या सरहद्दीच्या अगदी जवळ, जटलंडमधील आस्कोव्ह या खेड्यात एक लोकविद्यालय सुरू झाले. ग्रुंट्विग या धर्मोपदेशकाच्या विचारांतून जन्मलेल्या ह्या लोकविद्यालयांत शेतकऱ्यांची तरुण मुले-मुली काही महिने राहून शिकत. परीक्षा नसे, पदवी नसे. इतिहास, भाषा, गाणी आणि व्यवहारोपयोगी ज्ञान यांवर भर असे.

१८७८ साली ह्या शाळेत पोल ला कूर हे गणित व पदार्थविज्ञान शिकविण्यासाठी आले. त्यांचा जन्म १८४६ चा. डेन्मार्कची हवामानसंस्था १८७२ साली स्थापन झाली तेव्हा तिचे उपप्रमुखपद त्यांच्याकडे होते, आणि तारायंत्राच्या क्षेत्रातील त्यांचे शोध युरोपभर माहीत झालेले होते. राजधानीतील मानाची जागा सोडून असा मनुष्य एका खेड्यातील शाळेत येऊन राहतो, याचे तेव्हाच्या लोकांनाही नवल वाटले असले पाहिजे. गणित व पदार्थविज्ञान हे विषय ते इतिहासाच्या अंगाने शिकवीत. एखादा नियम आधी कोणाला, कोणत्या अडचणीतून सुचला हे सांगून मग ते त्या नियमाकडे येत. ही पद्धत आजच्या शिक्षकालाही अनुकरणीय वाटेल.

त्या वेळी शहरांत विजेचे दिवे येऊ लागले होते. वीजकेंद्रे कोळशावर चालत आणि ती शहरांतच उभारणे परवडे. खेड्यापर्यंत तार ओढण्याचा खर्च कोण करणार? ला कूर यांना ह्यात एक मोठा धोका दिसत होता. प्रकाश आणि यंत्रशक्ती शहरात, अंधार आणि अंगमेहनत खेड्यात, अशी वाटणी एकदा पक्की झाली की खेड्यातील तरुण मुले शहराकडे जातील आणि खेडी ओस पडतील, असे त्यांचे मत होते. आस्कोव्हमध्ये समोर बसणारे त्यांचे विद्यार्थी नेमके हेच तरुण होते. खेड्याजवळ फुकट असलेली शक्ती म्हणजे वारा, हे त्यांनी हेरले. सरकारकडून त्यांनी अनुदान मिळविले आणि १८९१ साली शाळेच्या आवारात प्रयोगासाठी पहिली पवनचक्की उभी केली.

पवनचक्क्या डेन्मार्कला नव्या नव्हत्या; धान्य दळण्यासाठी त्या शेकडो वर्षे फिरत होत्या. परंतु जात्याला वेग कमीजास्त झाला तरी चालते. पीठ थोडे जाडसर येईल इतकेच. वीज निर्माण करणाऱ्या डायनामोला मात्र ओढ एकसारखी लागते. वारा तर क्षणाक्षणाला बदलतो. ही अडचण दूर करण्यासाठी ला कूर यांनी वजने आणि कप्प्या यांची एक युक्ती योजिली. तिच्यामुळे वाऱ्याचा झोत आला तरी डायनामोच्या पट्ट्यावरील ताण ठरावीक मर्यादेबाहेर जात नसे. ह्या यंत्रणेला त्यांनी ‘क्रॅटोस्टॅट’ असे नाव दिले.

दुसरी अडचण अधिक बिकट होती. वारा पडला तर काय? तेव्हाच्या बॅटऱ्या महाग होत्या. ला कूर यांनी वेगळीच वाट काढली. पाण्यातून विद्युत्प्रवाह सोडला असता पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू सुटे होतात, हे सातवीच्या मुलांना ठाऊक असते. गारुती नावाच्या एका इटालियन प्राध्यापकाने त्यासाठी तयार केलेले तंत्र त्यांनी घेतले. वारा असे तेव्हा वीज निर्माण करावयाची, तिने वायू तयार करून टाक्यांत साठवावयाचे आणि रात्री त्या वायूंच्या ज्योतीने दिवे लावावयाचे, अशी ती योजना होती. १८९५ पासून १९०२ पर्यंत आस्कोव्हचे विद्यालय अशा दिव्यांनी उजळत होते. वारा दिवसा पकडून रात्री जाळण्याचा हा जगातील अगदी आरंभीचा प्रयोग होय.

प्रयोग सुरळीत पार पडला असे मात्र नाही. हायड्रोजनमध्ये थोडासा जरी ऑक्सिजन मिसळला तरी त्या मिश्रणाचा स्फोट होतो. असे स्फोट आस्कोव्हमध्ये अनेकदा झाले आणि शाळेच्या इमारतींच्या खिडक्यांची तावदाने पुन्हा पुन्हा बसवावी लागली. वायूवर इंजिन चालविण्याचा बेतही तडीस गेला नाही. अखेर ला कूर बॅटऱ्यांकडे वळले. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत बहुधा यशाचीच हकीगत असते. फुटलेल्या तावदानांची ही हकीगत मुलांना अवश्य सांगावी.

ह्याच काळात त्यांनी पवनचक्कीच्या पात्यांवर प्रयोग केले. १८९६ च्या सुमारास त्यांनी कृत्रिम वाऱ्याचे बोगदे तयार केले व लहान प्रतिकृती त्यांत ठेवून मोजमापे घेतली. पाती जितकी अधिक तितकी शक्ती अधिक, अशी सर्वसाधारण समजूत होती. वीज निर्माण करावयाची तर थोडी पाती असलेली आणि वेगाने फिरणारी चक्की अधिक चांगली, असे त्यांना आढळून आले. १८९७ साली त्यांनी दुसरी, मोठी पवनचक्की बांधली. आज सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर फिरणाऱ्या चक्क्यांना तीनच पाती का असतात, असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला तर त्याच्या उत्तराचा एक धागा आस्कोव्हपर्यंत मागे नेता येतो.

ला कूर एवढ्यावर थांबले नाहीत. १९०३ साली ग्रामीण भागात पवनविद्युत् पोचविण्यासाठी एक संस्था निघाली आणि १९०४ पासून आस्कोव्हमध्ये खेड्यातील विजेच्या कारागिरांसाठी शिक्षणवर्ग भरू लागले. शेतकऱ्यांच्या मुलांनी तेथे शिकावे, आपल्या गावी परत जावे आणि गावाचे छोटे वीजकेंद्र स्वतः चालवावे, हा त्यामागील हेतू होता. १९०८ साली ला कूर मरण पावले. परंतु १९१८ पर्यंत डेन्मार्कमधील सुमारे १२० स्थानिक वीजकेंद्रांजवळ पवनचक्की होती आणि देशाच्या एकूण विजेपैकी सुमारे ३ टक्के वीज वाऱ्यापासून मिळत होती.

मधली शांतता आणि १९७३ चा धक्का

पुढे मोठ्या केंद्रांच्या तारा खेड्यापर्यंत पोचल्या, खनिज तेल स्वस्त झाले, आणि गावोगावच्या चक्क्या मोडीत निघाल्या. दोन्ही महायुद्धांत तेलाची आयात आटली तेव्हा तेवढ्यापुरती त्यांची आठवण झाली. १९०४ च्या वर्गात बसलेला एक सतरा वर्षांचा विद्यार्थी मात्र शिकलेले विसरला नव्हता. योहानेस यूल असे त्याचे नाव. आयुष्यभर विजेच्या व्यवसायात काम केल्यावर, सत्तरीच्या घरात असताना, त्यांनी १९५७ साली गेडसर येथे तीन पात्यांची २०० किलोवॉटची पवनचक्की उभारली. ती १९६७ पर्यंत फारशी दुरुस्ती न लागता चालली. पुढे तेलाच्या विजेपुढे ती परवडेना म्हणून थांबविण्यात आली.

थांबविल्यानंतर सहाच वर्षांनी, १९७३ साली, अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आवळला. त्या वेळी डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात केलेल्या तेलावर अवलंबून होती. रविवारी मोटारी चालविण्यास बंदी झाली. घरांतील उष्णता कमी करावी लागली. सरकारचा विचार अणुशक्तीकडे वळला. लोकांत त्याविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली, आणि १९८५ साली देशाच्या योजनेतून अणुशक्ती वगळण्याचा निर्णय संसदेने घेतला.

मध्यंतरी लोकांनी आपापल्या परीने प्रयोग सुरू केले होते. रिसागर नावाच्या एका सुताराने आपल्या घराच्या बागेत २२ किलोवॉटची चक्की उभी केली. पश्चिम जटलंडमधील त्विन्द येथील शाळांच्या शिक्षकांनी तर आपल्या वेतनातून पैसा उभा केला आणि विद्यार्थी व स्वयंसेवक यांच्या हातांनी ५३ मीटर उंचीच्या मनोऱ्याची प्रचंड पवनचक्की बांधली. १९७८ साली ती फिरू लागली तेव्हा जगातील सर्वांत मोठ्या चक्क्यांत तिची गणना होत होती. गेडसरची थांबलेली चक्की ह्याच सुमारास दुरुस्त करून तिच्यावर पुन्हा मोजमापे घेण्यात आली. अमेरिकेच्या अंतराळसंस्थेनेही त्यात रस घेतला.

पवनचक्की एकट्या शेतकऱ्याला परवडत नसे. म्हणून शेजारीपाजारी एकत्र येऊन मंडळ काढीत व हिस्से विकत घेत. ज्या देशात दूध, लोणी आणि डुकराचे मांस यांचा व्यापार शंभर वर्षे सहकारी संस्थांनी केला, तेथे ही कल्पना रुजण्यास वेळ लागला नाही. आरंभीच्या नियमांप्रमाणे चक्कीच्या परिसरात राहणाऱ्यालाच हिस्सा घेता येई, आणि तोही त्याच्या घरच्या विजेच्या वापराच्या मानाने. त्यामुळे बाहेरच्या धनिकाने येऊन सारा वारा विकत घ्यावा, असे होऊ शकले नाही. हे बंधन पुढे सैल होत गेले, हे खरे. २००० साली कोपनहेगनच्या बंदरासमोर समुद्रात २० चक्क्यांचे केंद्र उभे राहिले. त्यांपैकी १० चक्क्या साडेआठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या.

एका चुलीवर दोन कामे

येथवर वाऱ्याची गोष्ट झाली. परंतु डॅनिश घराची मुख्य गरज ऊब ही आहे, आणि तिच्यासाठी दुसरी एक कल्पना उपयोगी पडली.

औष्णिक वीजकेंद्रात पाणी तापवून वाफ करतात, वाफेच्या जोराने टर्बाइन फिरवितात आणि टर्बाइन जनित्राला फिरविते. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करावे लागते. त्यासाठी नदीचे किंवा समुद्राचे थंड पाणी तिच्याभोवती खेळवितात. हे पाणी कोमट होऊन परत जाते, आणि त्याबरोबर इंधनातील उष्णतेचा मोठा वाटाही जातो. शंभर भाग उष्णतेपैकी जेमतेम ३५ ते ४० भागांची वीज होते. उरलेली बहुतेक उष्णता फुकट जाते. घरातील बंब पेटवून त्यावर केवळ दूध तापवावे आणि तापलेले पाणी मोरीत ओतून द्यावे, तसलाच हा प्रकार आहे.

आता हेच केंद्र गावाजवळ असले आणि वाफ थंड करण्यासाठी समुद्राऐवजी गावातील नळांचे पाणी वापरले तर? ते पाणी तापून जमिनीखालच्या वेष्टित नळांतून घरोघर जाईल, खोल्या तापवील, गार होऊन परत केंद्रात येईल आणि पुन्हा तापेल. नळांतील पाणी चांगले गरम हवे असल्यामुळे वीज थोडी कमी मिळते. परंतु इंधनातील एकूण ८५ ते ९० टक्के उष्णता कामी येते. ह्याला संयुक्त उष्णता-वीज निर्मिती म्हणतात. महाराष्ट्रात ‘सहवीजनिर्मिती’ हा शब्द रूढ आहे.

ह्यात भूगोलाचाही एक मुद्दा आहे. वीज तारेवरून शेकडो किलोमीटर जाते. उष्णतेला इतका प्रवास मानवत नाही. नळ जितका लांब तितकी ती वाटेत सांडते. वीज परमुलुखी जाऊन राहू शकते, उष्णता मात्र पक्की गावकरी आहे. म्हणून अशी केंद्रे गावाजवळच असावी लागतात आणि गावाच्या आकाराची असावी लागतात. पुढचा सर्व सामाजिक भाग ह्या एका भौतिक कारणातून निघतो.

कल्पना जुनी होती. १९०३ साली कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबेर्ग येथे शहरातील कचरा जाळणारे केंद्र सुरू झाले आणि त्यातून वीज व जवळच्या रुग्णालयाला उष्णता मिळू लागली. तेलाच्या संकटानंतर ह्या जुन्या कल्पनेला कायद्याचे बळ मिळाले. १९७९ च्या उष्णतापुरवठा कायद्याने प्रत्येक नगरपालिकेवर आपल्या हद्दीतील उष्णतेची गरज मोजून नकाशा करण्याचे काम सोपविले. कोणत्या भागात सामुदायिक नळ न्यावयाचे आणि कोणत्या भागात नैसर्गिक वायू द्यावयाचा, हे त्या नकाशावरून ठरले. उष्णता विकून नफा काढावयाचा नाही, येईल तेवढाच खर्च ग्राहकांकडून घ्यावयाचा, हे तत्त्वही कायद्यात आले. अनेक गावांत ही नळयोजना ग्राहकांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीची आहे. वार्षिक सभेत उष्णतेचा दर वाढला म्हणून तावातावाने बोलणारा गावकरी त्याच योजनेचा मालकही असतो. आज डेन्मार्कमधील सुमारे दोन-तृतीयांश घरांना अशा सामुदायिक नळांतून ऊब मिळते.

इंधन म्हणून तेलाची जागा आरंभी कोळशाने आणि नैसर्गिक वायूने घेतली. त्याबरोबरच शेतातील काडाकडे लक्ष गेले. गहू आणि सातू काढल्यावर शेतात पडणारे काड तेथील शेतकरी पूर्वी शेतातच जाळीत. धुराचा उपद्रव वाढला तेव्हा १९९० च्या सुमारास त्यावर बंदी आली. वास्तविक अडीच ते तीन किलो वाळले काड जाळले असता एक लिटर खनिज तेलाइतकी उष्णता मिळते. १९८९ साली हास्लेव्ह या गावी काडावर चालणारे संयुक्त केंद्र सुरू झाले. ५ मेगावॉट वीज आणि १३ मेगावॉट उष्णता देण्याची त्याची शक्ती होती. विजेच्या अडीचपटींहून अधिक उष्णता, हे प्रमाण मुलांच्या नजरेस आणून द्यावे. काडात क्षार असतात आणि ते बॉयलरच्या नळ्यांवर बसून त्या खातात, ही अडचण तेथील अभियंत्यांना बराच काळ सतावीत होती.

साम्सो आणि मार्स्टाल

साम्सो हे सुमारे ११४ चौरस किलोमीटरांचे, चार हजारांच्या आसपास वस्तीचे शेतकऱ्यांचे बेट. तेथील नवे बटाटे डेन्मार्कभर प्रसिद्ध आहेत. १९९७ साली सरकारने एक स्पर्धा ठेवली : दहा वर्षांत आपली सर्व ऊर्जा नूतनीकरणक्षम साधनांतून मिळविण्याची योजना कोणते बेट आखू शकेल? साम्सोची निवड झाली. तोवर बेटावर तेल जहाजाने येई आणि वीज समुद्रातळच्या तारेने, बहुतेक कोळशाची. बेटावरील कत्तलखाना नुकताच बंद पडला होता, रोजगार गेला होता, आणि तरुण माणसे बेट सोडून चालली होती. ला कूर यांची जुनीच चिंता येथे नव्या रूपाने उभी होती.

काम पुढे नेण्याची जबाबदारी सोरेन हरमनसन यांच्याकडे आली. ते बेटावरच्याच शेतकऱ्याचे चिरंजीव आणि पेशाने पर्यावरण विषयाचे शिक्षक. आरंभी लोक सभांना येत, ऐकून घेत आणि घरी जात. यंत्रांचा आवाज होईल, समुद्राचे दृश्य बिघडेल, अशा शंका होत्या. गावागावांत बैठका घेऊन, एकेका वजनदार शेतकऱ्याला पटवून आणि सर्वांना हिस्सा घेण्याची संधी ठेवून हे काम पुढे गेले. आपला हिस्सा असलेल्या चक्कीचा आवाज कानाला तितकासा खुपत नाही, हा मनुष्यस्वभाव साम्सोतही दिसून आला. २००० साली जमिनीवर प्रत्येकी १ मेगावॉटच्या ११ चक्क्या आणि २००३ पर्यंत समुद्रात प्रत्येकी २.३ मेगावॉटच्या १० चक्क्या उभ्या राहिल्या. समुद्रातील पाच चक्क्यांची मालकी नगरपालिकेने घेतली. उरलेल्या शेतकऱ्यांनी आणि लहान हिस्सेदारांच्या संस्थांनी घेतल्या.

घरे तापविण्यासाठी तीन गावठाणांच्या परिसरांत काडावर चालणारी केंद्रे आहेत; चौथ्या ठिकाणी लाकडाच्या ढलप्या आणि २,५०० चौरस मीटरांचे सौरतापक यांची जोड आहे. काड शेजारच्या शेतांतून येते आणि राख शेतात परत जाते. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. साम्सोची ही केंद्रे केवळ उष्णता देतात, वीज नाही. वीज वाऱ्याकडून मिळते आणि इतक्या लहान बॉयलरला टर्बाइन जोडणे परवडत नाही. मोटारी आणि जहाज यांसाठी तेल लागतच राहिले. तेवढ्या ऊर्जेची भरपाई समुद्रातील चक्क्यांची वीज मुख्य भूमीकडे पाठवून केली जाते. हा हिशेब जमाखर्चाचा आहे, तेल नाहीसे झाल्याचा नव्हे, हे मुलांना स्पष्ट करून सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

वारा, उष्णता व वीज यांची खरी गुंफण पाहावयाची तर एरो बेटावरील मार्स्टाल या जुन्या दर्यावर्दी गावाकडे वळावे लागते. तेथील उष्णतासंस्था ग्राहकांच्याच मालकीची आहे. १९९६ साली तिने ८,००० चौरस मीटरांचे सौरतापक बसविले. २०१२ पर्यंत ते क्षेत्र ३३,३०० चौरस मीटरांवर गेले. परंतु सूर्य तापतो उन्हाळ्यात आणि ऊब हवी हिवाळ्यात. म्हणून गावाने एक तळे खणले, त्याला अस्तर घातले, वर उष्णतारोधक तरंगते झाकण टाकले आणि त्यात ७५,००० घनमीटर, म्हणजे साडेसात कोटी लिटर, पाणी भरले. उन्हाळ्यात तापविलेले हे पाणी हिवाळ्यापर्यंत उष्णता जपते. सोबत लाकडाच्या ढलप्यांवर चालणारी ४ मेगावॉटची भट्टी आहे. तिच्या उष्णतेवर एका द्रवाची वाफ करून ७५० किलोवॉट वीज काढतात आणि उरलेली उष्णता नळांत सोडतात. वीज स्वस्त असेल तेव्हा एक उष्णतापंपही चालवितात.

वारा पडला तर काय, हा ला कूर यांचा प्रश्न येथे पुन्हा भेटतो. आज डेन्मार्कच्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून होते. वारा जोरात असतो तेव्हा वीज इतकी स्वस्त होते की वायूवर चालणाऱ्या लहान संयुक्त केंद्रांना वीज विकणे परवडत नाही. १९९० नंतरच्या दशकात गावोगाव उत्साहाने उभारलेली अशी कितीतरी केंद्रे वर्षातील बराच काळ बंद राहू लागली, आणि त्यांच्या कर्जाचा भार उष्णतेच्या बिलातून गावकऱ्यांवर आला. मात्र त्या केंद्रांजवळ गरम पाण्याच्या मोठ्या टाक्या आणि जमिनीखालचे नळ तयारच होते. आता वाऱ्याची जादा वीज त्याच टाक्यांतील पाणी तापविण्यास वापरू लागले आहेत. हायड्रोजनच्या टाकीने तावदाने फुटली. पाण्याच्या टाकीला तो धोका नाही.

वर्गासाठी

महाराष्ट्रात संयुक्त निर्मितीचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. साखर कारखान्यात १०० किलो ऊस गाळला म्हणजे २८ ते ३० किलो ओले चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, ते उरते. तेच बॉयलरमध्ये जाळून वाफ करतात. वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज देते आणि मग तीच वाफ रस आटविण्याच्या कढयांकडे जाते. लोणी येथे १९५० साली सुरू झालेल्या प्रवरा सहकारी कारखान्यापासून राज्यात पसरलेल्या ह्या कारखान्यांपैकी अनेक आता अधिक दाबाचे बॉयलर बसवून उरलेली वीज बाहेर विकतात. डेन्मार्कमध्ये जी उष्णता खोली तापविते, ती येथे रस आटविते. उष्ण देशाला उबेचे नळ नकोत. परंतु उष्णतेची गरज असलेला कारखाना, दूधसंघ किंवा धान्य वाळविण्याचे केंद्र जवळ असेल तर हिशेब तोच राहतो. जिल्ह्यातील कारखान्याचा हंगाम चालू असताना सहल काढता आल्यास मुलांनी वाफेचा मार्ग बॉयलरपासून कढईपर्यंत पाहून त्याचा आराखडा वहीत काढावा.

वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग येथे दिले आहेत. पहिल्यासाठी जाड कागदाच्या दोन भिंगऱ्या कराव्यात, एक तीन पात्यांची व एक बारा पात्यांची. दोन्ही सारख्या व्यासाच्या असाव्यात. प्रत्येकीच्या आसाला दोरा गुंडाळून त्याला लहानशी चाकी किंवा खडूचा तुकडा टांगावा आणि एकाच पंख्यासमोर धरावे. कोणती भिंगरी वेगाने फिरते आणि कोणती अधिक वजन उचलते, हे मुलांनी नोंदवावे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती आठपट होते, हा नियम वरच्या वर्गातील मुलांना सांगण्यास हरकत नाही.

दुसरा प्रयोग शिक्षकाने स्वतःच्या हाताने करावा, कारण वाफ भाजते. किटलीत पाणी उकळून तिच्या तोटीतून येणाऱ्या वाफेवर पत्र्याची हलकी भिंगरी फिरवून दाखवावी. नंतर भिंगरी बाजूस करून तोटीला रबरी नळी बसवावी व नळीचे टोक एक लिटर थंड पाण्याच्या भांड्यात सोडावे. नळी कोठे दबत नाही ना, इकडे लक्ष ठेवावे. प्रारंभीचे तापमान आणि पाच मिनिटांनंतरचे तापमान तापमापकाने मोजून दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत. विस्तव काढण्यापूर्वी नळी पाण्याबाहेर घ्यावी, नाहीतर भांड्यातील पाणी उलटे किटलीत ओढले जाते. भिंगरीने वाफेतील किती थोडी उष्णता घेतली होती, याचा अंदाज मुलांनी त्या दोन आकड्यांवरून करावा.